माझी माणसं वाढली, त्यांची आटली

पत्राचा सारांश: लेखिका 43 वर्षांच्या, मूळच्या पारोळा तालुक्यातल्या. मुलांच्या शिक्षणासाठी 7 वर्षांपूर्वी कुटुंब जळगावला आलं. गावची कोरडवाहू शेती बटाईनं दिली आहे. यजमान एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पाळीनं कामाला जातात. 4 वर्षांपूर्वी लेखिकेनं बचत गटातून बिबडी (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड आणि कुरडया विकायला सुरुवात केली. आज त्यांच्याकडे 5 बाया कामाला आहेत, ऑर्डरी आहेत, प्रदर्शनात स्टॉल लागतो. यजमान मात्र घुमे झालेत. सुटीला मोबाइल बघत पडून राहतात. गावचं भजनी मंडळ जळगावला आल्यावर पहिल्याच वर्षी सुटलं, आणि यंदा कानबाईच्या सणालाही गावी जायचं नाही म्हणाले. लेखिकेचा फोन वाजला की ऐकवतात, 'तुले मनाकडे देखाले फुरसत नही' (तुला माझ्याकडे बघायला फुरसत नाही). सासूबाई आणि जाऊबाई फोन करून सांगतात, काम कमी कर, घरात लक्ष दे. लेखिका विचारतात: 'पुरुषांना मित्रांची काय कमी? मग हेच असे का झाले? माझ्यामुळे का? आणि माझ्याभोवती माणसं पुष्कळ असली तरी ज्या बाया आधी हक्कानं घरात यायच्या, त्याच आता मला मालकीण म्हणतात. काम आवरतं घेऊ का?'

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. काम आवरतं घेऊ नका. हात दुखतात म्हणून, पोरांच्या परीक्षा आहेत म्हणून घेतलंत तर तो तुमचा निर्णय. या कारणासाठी मात्र नको. फक्त तुमच्या पत्रात दोन गोष्टी तुम्ही धरूनच चालला आहात, आणि त्या तशाच राहिल्या तर काम चालू ठेवूनही तुम्ही झुरत राहाल. तुमची माणसं वाढली म्हणून यजमानांची आटली, ही एक. पुरुषांना मित्रांची कमी नसते, ही दुसरी.

पहिलीचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. भजनी मंडळ सुटलं जळगावला आल्यावर पहिल्याच वर्षी. तुम्ही पहिली ऑर्डर घेतली ती त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. म्हणजे यजमान एकटे पडायला लागले तेव्हा तुमचा फोन वाजतच नव्हता. तो वाजायला लागल्यावर त्यांचं गप्प बसणं तुम्हाला ऐकू यायला लागलं, आणि त्यांनाही कदाचित तेव्हाच जाणवलं. एकामागून एक घडलेल्या गोष्टी आपण लगेच एकमेकींच्या गळ्यात बांधतो. त्यातही दोषाची दोरी बहुतेक वेळा घरातल्या बाईच्याच गळ्यात पडते.

दुसरी गोष्ट जरा सावकाश बघू, कारण खरी मेख तिथं आहे. तुमच्या यजमानांचा गावातला दिवस आठवा. कोरडवाहू कापसाच्या शेतीत पुरुषाला एकटं राहताच येत नव्हतं. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करायचा, तेव्हा दोघांचं औत चालायचं. सालदार, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेला गडी, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरायचा, आणि ते ठरवायला चार माणसं ओट्यावर बसायची. 1972 पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारलाच विकावा लागायचा. खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागायच्या, आणि नंबर येईपर्यंत माणसं गाडीखाली झोपायची. शेतकऱ्याचे त्यात हालच झाले आणि त्या हालांचं मला कौतुक करायचं नाही. पण त्या रांगेत शेजारच्या गावची माणसं ओळखीची व्हायची, कुणाची विहीर आटली ते कळायचं, सोयरिकीच्या गोष्टी निघायच्या. तुमचे यजमान पोरवयात वडिलांबरोबर अशा रांगेत नक्की बसले असतील. विचारून बघा.

आता व्यापारी टेम्पो घेऊन दारातच येतो, काट्यावर माप होतं आणि कापूस जातो. ट्रॅक्टर तासावर मिळतो, म्हणून सावड लागत नाही. निंदणीचं बरंचसं काम तणनाशकावर गेलं. सालदार मिळत नाही आणि मिळाला तरी परवडत नाही. यातली एकही गोष्ट वाईट नाही. पण काम जिथं जिथं सोपं झालं तिथं भेटायचं एकेक निमित्त गेलं. तुमच्या यजमानांनी कुणाशी ठरवून मैत्री केलीच नव्हती. ती त्यांना कामाबरोबर मिळाली होती, म्हणून कामाबरोबरच गेली. अमळनेरची प्रताप मिल ही कापडगिरणी बंद पडली तेव्हा तिथल्या पुरुषांच्या बाबतीतही हेच झालं असणार. पगार गेला त्याची चर्चा झाली. पण पाळी सुटल्यावर बरोबर चहा पिणारी माणसंही त्याच दिवशी गेली, त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

तुम्ही म्हणाल, कारखान्यात तर शंभर माणसं आहेत. आहेत. पण यंत्राच्या आवाजात आठ तास बोलता येत नाही. पाळ्या बदलतात, त्यामुळे आज शेजारी असलेला माणूस पुढच्या आठवड्यात दिसत नाही. ठेकेदार बदलला की निम्मे चेहरे बदलतात. त्यातून हा माणूस गावात स्वतःच्या बांधावर उभा राहणारा, आणि इथे गेटवर नाव लिहून आत जाणारा. कानबाईला न जाण्यामागेही मला हेच दिसतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा सुरतेहून, पुण्याहून, नाशिकहून सगळी भावकी गावात येते, आणि 'सध्या काय चाललंय' हा प्रश्न दर चार पावलांवर भेटतो. त्या प्रश्नाला द्यायला त्यांच्याकडे त्यांना आवडेल असं उत्तर नसावं. हा माझा अंदाज आहे. खरं काय ते त्यांनाच ठाऊक.

तुमच्याकडे मात्र एक शिकवण होती, आणि ती तुम्ही मागितलेली नव्हती. लग्न होऊन तुम्ही सासरी आलात तेव्हा तुमची सगळी माणसं एका दिवसात मागे राहिली. विहिरीवर, वेचणीच्या टोळीत, हळदीकुंकवाला, मिळेल तिथं तुम्ही नवी माणसं जोडलीत, तीही सासूबाईंच्या परवानगीनं आणि वेळेच्या हिशोबानं. 2011 च्या जनगणनेतही बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न हेच आहे. आपल्याकडची बहुतेक बाई विशीच्या आसपास एकदा परकी होते आणि त्यातून आपली माणसं उभी करते. पुरुष जन्मला त्याच गल्लीत म्हातारा होतो, त्याला हे करावंच लागत नाही. तुमच्या यजमानांवर ती वेळ चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा आली, आणि आजवर कुणी शिकवलंही नव्हतं. त्यांच्या रागाखाली मला हे अडखळणं दिसतं. त्यामुळे राग योग्य ठरत नाही, पण तो कुठून येतो ते समजतं.

हे फक्त खानदेशापुरतं नाही. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ ग्वेन मूर यांनी 1990 साली तिथल्या स्त्रीपुरुषांच्या जवळच्या माणसांचा अभ्यास मांडला. बायकांच्या वर्तुळात नातेवाईक जास्त आणि पुरुषांच्या वर्तुळात कामावरचे लोक जास्त, असं त्यात दिसलं. पण नोकरी, वय आणि घरची परिस्थिती सारखी असलेले स्त्रीपुरुष शेजारी ठेवून पाहिल्यावर हा फरक बराचसा कमी झाला. नात्यागोत्याकडे बायकांचा ओढा तेवढा थोडा जास्त राहिला. म्हणजे पुरुष मोकळे आणि बायका घरकोंबड्या, असा काही स्वभाव जन्मतः नसतो. कोणाला कोणतं काम मिळतं आणि त्या कामात कोण भेटतं, यावर बरंच ठरतं. तुमच्या घरात कामं बदलली, त्याबरोबर माणसंही बदलली.

आता तुमच्याकडे वळते, कारण पत्राच्या शेवटी तुम्ही घाईघाईनं जे लिहिलंत त्यात मला जास्त दुःख दिसलं. रात्री अडीचला तुमच्या पोटात कळ आली, यजमान रात्रपाळीला आहेत, तर तुम्ही कुणाला फोन कराल? मनात एखादं नाव लगेच आलं असेल तर छान. विचार करावा लागला असेल तर तुमचाही गोतावळा दिसतो तेवढा भरलेला नाही. ऑर्डर देणाऱ्या, स्टॉल मिळवून देणाऱ्या, बँकेतल्या, बचत गटांच्या प्रभागसंघातल्या ओळखी फार कामाच्या असतात. नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्यांकडून जास्त कळते, असं मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली दाखवलं, आणि तुमचा धंदाही अशाच ओळखींवर वाढला आहे. पण अडीच वाजता धावून येणारं माणूस वेगळं असतं. दोन्ही लागतात, आणि एकाची उणीव दुसऱ्यानं भरत नाही.

त्या 5 बायांबद्दल. उन्हाळ्यात आज हिच्याकडे बिबडी, उद्या तिच्याकडे कुरडया, पहाटे घाटा शिजवायला सगळ्या हजर, हे तुम्ही मनापासून लिहिलंत. ते सुंदर होतंच. पण त्यातही हिशोब असायचा. कोण आली नाही हे लक्षात राहायचं, आणि पुढच्या खेपेला तिच्याकडे जायचं की नाही ते त्यावर ठरायचं. आता हिशोब पैशात आला. तुम्ही रोज देता, त्या घेतात. माल खराब झाला तर तुम्ही बोलता, त्या ऐकून घेतात. त्यांनी तुम्हाला मालकीण म्हणणं हे खऱ्या परिस्थितीला धरूनच आहे, आणि ते मनाला लागलं तरी 'आपण सगळ्या बहिणीच' म्हणून झाकू नका. बहीण म्हटल्यावर मजुरी मागायची तिला लाज वाटते, आणि त्यात नुकसान तिचंच होतं.

त्यापेक्षा व्यवहार उघडा आणि चोख ठेवा. रोजावर की किलोवर, ते बोलून ठरवा. पैसे त्याच दिवशी द्या. स्टॉलवर दर वेळी तुम्हीच बसू नका. पाळीपाळीनं त्यांना बसवा, म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलणं, भाव सांगणं त्यांच्याही अंगवळणी पडेल आणि त्यांच्याही ओळखी वाढतील. सणाच्या हंगामात नफा चांगला झाला तर त्यातला ठरलेला वाटा द्या, वाटलं म्हणून दिलेली साडी नको. त्यातली एखादी उद्या स्वतःचं काम सुरू करील, तेव्हा तिचा राग न धरायची तयारी आत्ताच ठेवा. आणि महिन्यातून एक दुपार अशी असू द्या की पीठ, कढई, वजनकाटा काहीच मध्ये नाही. बचत गटाची बैठक त्यासाठी चालणार नाही, कारण तिथं हप्ता, वही आणि ठराव असतात. नुसतं बसायचं, कुणाच्याही घरी, तुमच्याच असं नाही. जुनी जवळीक पूर्ण परत येईल असं मी म्हणणार नाही. एक-दोघींशी नवी, जरा वेगळी मैत्री होईल. अडीच वाजताचं नाव त्यातूनच निघेल.

यजमानांसाठी काय करता येईल हे सांगण्याआधी, काय करू नका ते सांगते. त्यांच्या मैत्रीचा ठेका तुम्ही घेऊ नका. आपल्याकडे नवऱ्याच्या मावशीला फोन, त्याच्या मित्राच्या मुलीच्या लग्नाचा अहेर, त्याच्या भावाशी झालेला अबोला मिटवणं, सगळं बायकोच्या वाट्याला येतं. त्यामुळेच पुरुषाला स्वतःचं नातं स्वतः धरून ठेवायची सवय लागत नाही. तुम्ही त्यांच्या मित्रांना गुपचूप फोन करून 'या ना घरी' म्हणालात तर ते येतील, चहा पितील, आणि तुमच्या यजमानांना मनातून कमीपणा वाटेल.

निमित्त मात्र तुम्ही पुढे ठेवू शकता. तुम्हाला दर महिन्याला ज्वारी आणि उडीद लागतो. तो आता कुठून घेता? बाजारातून घेत असाल तर विचार करा की तुमच्या यजमानांना कोणत्या शेताची ज्वारी कशी उतरते, कुणाचा उडीद चांगला, हे तोंडपाठ आहे. खरेदीचं काम त्यांना घेऊ दे. भाव त्यांनी ठरवायचा, माल त्यांनी पारखायचा आणि त्या कामाचा मोबदला वहीत त्यांच्या नावावर लिहायचा. मग महिन्यातून एक-दोनदा गावी जाणं होईल, आणि 'सध्या काय चाललंय' याला त्यांच्याकडे उत्तर असेल. ते नाही म्हणाले तर तिथंच थांबा. हे काम त्यांना तुमच्या हाताखालची नोकरी वाटलं तर उलटंच होईल, म्हणून भाव किंवा मालाबद्दल त्यांचा निर्णय तुम्हाला पटला नाही तरी पहिले काही महिने तो मोडू नका. बटाईच्या शेताचंही असंच. फक्त वाटा आणायला जाण्याऐवजी पेरणीला आणि वेचणीला चक्कर मारता येईल. जमीन अजून त्यांचीच आहे.

कानबाईसाठी त्यांना ओढत नेऊ नका. पण तुम्ही आणि मुलं जा. ते येत नाहीत म्हणून सगळ्यांनी न जाणं हा तोडगा नाही. आणि कानबाईच्या आधी एखाद्या साध्या रविवारी, गर्दी नसताना, फक्त एका जुन्या मित्राकडे जायचं सुचवा. एका माणसाला सामोरं जाणं पन्नास जणांपेक्षा सोपं असतं. जळगावातही जागा आहेत. मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांची टोळकी असतात, कॉलन्यांत भजनी मंडळं आहेत. ज्याचा आवाज गावच्या मंडळात चालला, तो इथंही चालेल. पण तिथं पहिल्या दिवशी जाणं त्यांनी स्वतःच करायचं आहे.

बोलणार असाल तर समोरासमोर बसवून 'तुम्हाला मित्र का नाहीत' असं विचारू नका. मोटरसायकलवरून गावी जाताना किंवा शेंगा सोलताना बोला. त्यांच्या त्या टोमण्यात एक मागणीही आहे, 'माझ्याकडे बघ' अशी. ती मागणी रास्त आहे, टोमणा रास्त नाही. रात्री ठरलेल्या वेळेनंतर धंद्याचा फोन बंद ठेवा, आणि त्यांना सांगा की ही वेळ तुमच्यासाठी ठेवली आहे, टोमणे मात्र ऐकणार नाही. दोन्ही एकाच वेळी सांगता येतं.

एक गोष्ट नजरेआड करू नका. झोप उडाली, जेवण कमी झालं, दारू वाढली, किंवा 'माझं आता काय उरलंय' अशी भाषा आली तर ते मित्रांच्या उणिवेपलीकडचं असू शकतं. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या नंबरवर दिवसरात्र कधीही फोन करता येतो आणि मराठीत बोलता येतं. त्यांनी केला नाही तरी काय करायचं हे विचारायला तुम्ही करू शकता. जीव द्यायची भाषा आली तर मात्र वाट न बघता त्यांना सरकारी दवाखान्यात न्या.

याच निमित्तानं, जिची गोष्ट नेमकी उलटी आहे त्या बाईसाठीही लिहिते. सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये खानदेशातली कितीतरी घरं आहेत, पुण्याकडे चाकणलाही आहेत. तिथं नवऱ्याला कामावरची, गाववाली माणसं मिळतात आणि बाई एका खोलीत बंद होते. गावात ती वेचणीला टोळीनं जायची, इथं तिला भाजीवाल्याशिवाय कुणी ओळखत नाही. कमाई वाढली, तिची माणसं गेली. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातल्या एका अभ्यासात असं दिसलं की सासूबरोबर राहणाऱ्या सुनांना घराबाहेर जवळचं माणूस कमी असतं, आणि त्यामुळे त्या कुटुंबनियोजनाच्या दवाखान्यापर्यंतही कमी पोहोचतात. खोलीत एकटी राहणारी असो वा सासूच्या पहाऱ्यात, अशा बाईनं सुरुवात एकीपासून करावी. अहमदाबादमध्ये 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेच्या बँकेतल्या खातेदार बायकांना धंद्याचं छोटं प्रशिक्षण दिलं, तेव्हा ज्या मैत्रिणीला घेऊन आल्या होत्या त्यांनी पुढे कर्ज घेऊन धंदा वाढवण्याची हिंमत जास्त दाखवली. एकट्या आलेल्यांमध्ये तेवढा फरक पडला नाही. म्हणून शिवणक्लासला जा, गटात जा, पण शेजारणीला बरोबर घेऊन जा.

आणि हे वाचणाऱ्या पुरुषांनो, तुमच्या फोनमध्ये असा एक तरी जुना मित्र असेल ज्याला तुम्ही वर्षभर फक्त गुड मॉर्निंगचं चित्र पाठवलंय. त्याला फोन करा आणि भेटायचा वार ठरवा. काम असेल तेव्हा भेटू, असं म्हणू नका, कारण ते काम आता येत नाही.

ताई, राहता राहिल्या सासूबाई. त्यांना मुलाची काळजी वाटते आणि ती खरी आहे. पण तो फोन त्या तुम्हाला करतात. पुढच्या वेळी प्रेमानं सांगा, 'आई, माझ्याशी बोललात तसंच त्यांच्याशी बोला, त्यांनाच फोन करा.' जाऊबाईंनाही सांगा, भावजींना सांगा म्हणावं, भावाला फोन करायला. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी चारनंतर करा, तोवर ते झोपलेले असतात.